पोटुशीची काडी मोडत नाहीत

साप पाहिला, विंचू चावला, पटकीच्या साथीत घरं बंद झालेली पाहिली. यातल्या कशाचीच मला म्हणावी तशी भीती वाटली नाही. मी भ्याले ती ज्वारीच्या एका वाळलेल्या काडीला.

आमच्या जातीत नवरा-बायकोचं पटलं नाही तर काडी मोडत. मारुतीच्या पारावर पंच बसायचे. काडीचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या, आणि गावचा पाटील ती मधोमध मोडायचा. अर्धी काडी घेऊन बाई पारावरून उतरली की ती त्या घरची उरत नसे. लग्नाला चार-पाच दिवस लागत. मोडायला चिलीम पेटवण्याइतका वेळ पुरे. लोक अभिमानानं म्हणत, आपल्यात बाईला मोकळीक आहे, बामणाच्या बाईसारखं जन्मभर कुढत बसावं लागत नाही. खोटं नव्हतं ते. पण मोकळी झालेली बाई कुठं मोकळी राहते? ती भावाच्या हातात यायची, आणि भाऊ वर्षाच्या आत तिचा पाट लावून तिला दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एका घरातून निघायचं, दुसऱ्या घरात जायचं, आणि तिथला हात कसा उठतो ते नव्यानं शिकायचं. मला ते पुन्हा शिकायचं नव्हतं. नवऱ्याकडं परत जायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडंही जायचं नव्हतं. एवढंच मागणं होतं, आणि ते मागायला आमच्यात शब्दच नव्हता.

माझं सासर निर्ण्याला. नवरा दारू पीत नव्हता. ज्यांचे नवरे पितात त्या बायका सगळा दोष बाटलीवर ढकलून मोकळ्या होतात; मला तेवढीही सोय नव्हती. तो शुद्धीत मारायचा, बैलाच्या कासऱ्यानं, आणि त्याआधी दाराची कडी लावायचा. सासूला त्या कडीचा आवाज आला की ती सूप उचलून शेजारी पाखडायला जायची. मी भाकरी थापत असले तरी माझे हात थांबायचे. मारापेक्षा ती कडी वाईट. मार कधीतरी संपतो. कडी लागल्यापासून पहिला फटका बसेपर्यंतचा वेळ मात्र संपत नाही.

आमच्याच गल्लीच्या टोकाला एका कुलकर्ण्यांची सून एकटी राहत होती. तिच्याकडं मिरच्या कांडायला मी जायची. तिचा नवरा तिथूनच हाकेच्या अंतरावर राहायचा, पण तिच्या दारात यायचा नाही. मला फार नवल वाटे. एकदा मुसळ खाली ठेवून मी विचारलंच, "अक्का, तुमची काडी मोडली व्हय?"

ती हसली. "आमच्यात लग्न मोडतच नाही ग. म्हणून भावानं गुलबर्ग्याच्या अदालतीत दावा घातला. अदालत म्हणाली, मोडू नका, पण अलाहिदा राहा. त्यानं अन्नवस्त्र द्यायचं आणि माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही."

"मंग कुंकू?"

"कुंकू माझंच. दारही माझंच."

निजामाच्या राज्यात अदालतीचं सगळं उर्दूत चाले, आणि 'अलाहिदा' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मिरचीच्या खाटानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी घरी येईपर्यंत तो शब्द मनात घोळवत आले. विसरून जाईन अशी धास्ती वाटत होती.

त्याच हंगामात तुरी कापताना त्यानं रानात, चार माणसांसमोर कासरा उगारला. रानात कडी नसते. मी विळा टाकला आणि गाडीवाट धरली. माझं माहेर हळ्ळीखेडच्या शिवेला. पोचेपर्यंत दिवस बुडायला आला होता. दारात वहिनी शेणानं सारवत होती. तिनं माझ्या पाठीकडं पाहिलं आणि काही न विचारता न्हाणीत पाणी काढलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. आईवडील गेल्यावर घरात हे दोघंच होते. वहिनीची जीभ तिखट, आणि मला त्या घरात आधार होता तो तिचाच. अण्णाही वाईट माणूस नव्हता. पण घरात परत आलेली बहीण म्हणजे पेरणीच्या वेळी हातात उरलेलं बियाणं. कुठंतरी टाकायलाच हवं, असं त्याला मनापासून वाटे. आणि कुठं टाकायचं तेही त्याला सापडलं होतं. गुलबर्ग्याचा एक तुरीचा व्यापारी आमचा माल घ्यायला यायचा. बायको मेलेली, पोटी दोन लेकरं. एकदा मी त्याला पाण्याचा तांब्या दिला तर त्यानं राशीत हात घालून दाणा बघावा तसं मला नीट बघून घेतलं. मग अण्णाकडं बघून मान हलवली.

मी अण्णाला म्हटलं, "मला काडी नको. मला अलाहिदा ठेवा. नवऱ्याचं नाव राहू दे, नवरा नको."

अण्णा हसला. "ते बामणाचं अन् अदालतीचं. वकील, फी, खेटे, आपल्याला झेपतंय व्हय? काडी मोडू, तुझं रान मोकळं करू."

"मोकळं करून कुणाला कसायला द्यायलास?"

तो उठून बैलांना वैरण टाकायला गेला. पण त्याचं ठरलं होतं, आणि नवल म्हणजे सासरच्यांचंही तेच ठरलं होतं. त्यांनी औरादकडची एक मुलगी पाहिली होती, आणि तिचा बाप सवतीवर मुलगी द्यायला तयार नव्हता. म्हणजे काडी मोडायला दोन्ही बाजू राजी. एक मी सोडून. मला कोण विचारतो?

पंचांचा दिवस ठरला, आमच्याच गावच्या पारावर. त्या सकाळी मी उठले आणि गोठ्याशेजारच्या कोपऱ्यात जाऊन पाठ टेकून बसले. बाजूला बसले. आता शेतकऱ्याच्या घरात कामाच्या दिवसांत बाईला चार दिवस कोपऱ्यात बसवायला कुणाला परवडतं? आम्ही ते तसं कडक पाळत नव्हतोच. पण आमच्या घरात खंडोबाचा टाक होता, आणि मुख्य म्हणजे अशा बाईनं मारुतीच्या पाराची पायरी चढायची नाही, हे गावात कुणालाही मोडता येत नव्हतं. मी नाही गेले तर काडीचं दुसरं टोक धरणार कोण?

मला विटाळ आलेला नव्हता. वहिनीला ते पहिल्या नजरेत कळलं. एका न्हाणीत अंग धुणाऱ्या बायकांत असलं काही लपत नाही. मग तिनं माझ्यासमोर पाण्याचा वेगळा तांब्या आदळला आणि अण्णाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवू नका ग बाई, मला अजून देवाचं करायचंय."

गाडीतून सासरची माणसं उतरली. सासू तरातरा आत आली, मला कोपऱ्यात पाहिलं आणि तिचं तोंड कडू झालं. "आजच बरा मुहूर्त गाठलास," म्हणाली. दुपारी तिनंच वरून माझ्या ओंजळीत भाकरी टाकली, शिवाशीव होऊ नये म्हणून चांगली हातभर वरून. मी मान खाली घालून खाल्ली. पंच पुढच्या महिन्यावर गेले. त्या दिवशी मी मनातल्या मनात काय मिरवले! देव फसला, पंच फसले, सासू फसली. आपल्यासारखी शहाणी पंचक्रोशीत नाही असं वाटलं.

शहाणपण थोडेच दिवस टिकलं. खरा विटाळ येईचना. मला वाटलं, भीतीनं राहिला असेल. मार खाणाऱ्या बायकांचा राहतो, हे मी सासरी पाहिलं होतं. मग एके सकाळी वहिनीनं अंबाडीची भाजी शिजायला टाकली आणि त्या वासानं मी परसात पळाले. ओकारी थांबल्यावर मागं बघते तर वहिनी दारात.

"वन्स, खरंखुरं कवा बसला होता तुम्ही?"

मी आठवून सांगितलं. सासर सोडण्याच्या आधीचं होतं ते. पोटात मूल आहे याचा आनंद मला झाला नाही, दुःखही झालं नाही. आधी आठवली ती सासूच्या हातातली भाकरी.

वहिनी खाली बसली. "तिनं डोळ्यांनी बघितलंय तुम्हाला बसलेलं. म्हणणार, माहेरी येऊन बाजूला बसली होती, मग हे कुणाचं? अन् तो तुरीवाला तेवढ्यात दोनदा येऊन गेलाय."

काडीतून वाचायला मी जे सोंग केलं होतं, तेच आता माझ्या विरुद्ध साक्ष देणार होतं. आणि ते सोंग होतं असं सांगितलं, तर पंचांना आणि देवाला फसवणारी म्हणून जातीबाहेर. बरं, सोंग मानलं आणि मूल नवऱ्याचं ठरलं, तर पोटुशी बाईची जागा नवऱ्याच्या घरात. म्हणजे पुन्हा तो कासरा, पुन्हा ती कडी. कुठूनही गेलं तरी खड्डाच. त्या दिवसांत विहिरीवर पाणी शेंदताना मी आत वाकून बघत असे. वहिनीच्या ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं पाणी आणायचं काम स्वतःकडं घेतलं.

अण्णाला तिनंच सांगितलं. तो सबंध दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी औत घेऊन निघताना उंबऱ्यावर थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "खरं सांग. कुणाचं हाय?"

सख्खा भाऊ. मी देवघरातला भंडारा उचलून हातात घेतला आणि म्हणाले, "त्याचंच. खोटं असलं तर हा हात झडू दे."

त्यानं मान हलवली आणि गेला. विश्वास ठेवला की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्यांदा पंच बसले तेव्हा मी पाराच्या पायरीशी खाली बसले होते, वहिनी माझ्यामागं. समोर नवरा. धुतलेलं धोतर, नवा फेटा. परका माणूस आला असता तर म्हणाला असता, केवढा सज्जन आहे. त्याला पाहिल्याबरोबर माझी पाठ आपोआप आक्रसली. पाटील म्हातारा होता, कानानं मंद. त्याच्या मांडीवर ती काडी ठेवलेली होती. साधीच, कुठल्याही कडब्यातून ओढून काढलेली.

अण्णा उठून पाटलाला म्हणाला, "आज काडी मोडायची न्हाई, अप्पा. बहिणीला दिवस गेलेत."

गलका झाला. पोटुशीची काडी मोडत नाहीत, हे तिथं पोरासोरांना ठाऊक होतं. जुनी माणसं म्हणत, काडीला टोकं दोनच. पोटातल्या जिवानं काय धरायचं? पाटलानं काडी उचलून बाजूला ठेवली. पण मला सुटल्यासारखं वाटायच्या आतच बायकांच्या घोळक्यातून सासूचा आवाज आला.

"दिवस गेलेत? कसे गेले? मागल्या खेपंला मी हिला बाजूला बसलेली बघितलंय. या हातानं भाकरी टाकली वरून. इथं येऊन बसली, अन् आता दिवस गेलेत. इचारा तिला कुणाचे."

अण्णाच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. तुरीवाल्याचं नाव कुणी घेतलं नाही, पण दोन-तीन माथी तो माल घ्यायला यायचा त्या आमच्या घराकडं वळली. पाटील माझ्याकडं बघून म्हणाला, "काय ग, सासू म्हणायली ते खरं का?"

मी जमिनीकडं बघत पुटपुटले.

"काय? मोठ्यानं बोल बाई. मला ऐकू येत न्हाई."

बायका ज्या गोष्टी आपसातसुद्धा खुणेनं बोलतात, ती गोष्ट मी सगळ्या गावाच्या पुरुषांसमोर एका बहिऱ्या म्हाताऱ्याला ओरडून सांगितली. "मी खोटीच बसले होते. मला विटाळ आलाच नव्हता. काडी मोडतील म्हणून भिऊन बसले."

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी थुंकलं. एक पंच गुडघ्यावर हात आपटून म्हणाला, "मारुतीच्या पंचायतीला खोटं सांगितलंस?"

"खोटं घरात सांगितलं," मी म्हणाले. "मारुतीपुढं खरं बोलायलेय." माझा आवाज कापत होता, पण जीभ कापत नव्हती. ती मेली कधीच कापत नाही. तिच्यापायी मी आयुष्यात फार सोसलं.

"काडी नको म्हणतीस, तर मग जा की नवऱ्याच्या घरी."

"न्हाई."

"कामून न्हाई?"

वहिनीनं मागून माझा पदर खाली ओढला. पाठीवरचे वळ अजून काळे होते. पुढच्या दोघातिघांनी मान फिरवली. पाटलानं मात्र बघून घेतलं.

"मग तुला पायजे तरी काय?"

"मला अलाहिदा राहायचंय. चूल वेगळी, दार वेगळं. बायको त्याचीच राहते. पाट लावणार न्हाई."

पाटलानं दाढी खाजवली. मग नवऱ्याकडं वळला. "तू सांग. हिच्या पोटातलं तुझं हाय का?"

आजवर मी त्याच्या हातात होते ती बंद दाराआड. आता भर उन्हात, सगळ्या गावादेखत होते. तो 'न्हाई' म्हणाला असता तर माझं काय झालं असतं ते सांगायला नको. काडी न मोडताही तो मोकळा झाला असता, त्याला नवी बायको मिळाली असती, आणि मला कुणी विहिरीवरून मागंही ओढलं नसतं. सासू त्याला डोळ्यांनी खुणावत होती. तो उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. मी त्या बोटांकडं बघत होते. ही बोटं कासरा गुंडाळताना कशी चालतात ते मला पाठ होतं.

"माझंच हाय," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. त्याच्याबद्दल इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो बोलायचा थांबला नव्हता. "माझंच हाय. पोरगा झाला तर मी नेणार."

पंच बाजूला जाऊन बोलले. परत येऊन पाटलानं फैसला सांगितला. काडी मोडायची नाही, आज नाही आणि पुढंही नाही. बाईनं भावाच्या घरी वेगळी चूल मांडायची, पाट लावायचा नाही. नवऱ्यानं दरसाल ज्वारी आणि लुगडी धाडायची, तिच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. दुसरी बायको करायची तर ते त्याचं तो बघेल. खोटं बसल्याबद्दल बाईनं मूल होईपर्यंत दर शनिवारी मारुतीला तेल द्यायचं.

"अन् पोरगी झाली तर आईची. पोरगा झाला तर दूध तुटलं की बापाचा," पाटील म्हणाला. शेताच्या बांधावरची झाडं वाटून द्यावीत तसं सहज.

लोक म्हणाले, पंचांनी न्याय केला. केलाच. जे अदालतीला खेटे घालून मिळतं ते मला एका दिवसात मिळालं होतं. वहिनी माझा हात धरून घरी घेऊन चालली होती. पाराकडं येताना मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं. परत जाताना दोघांचं झालं होतं, आणि दुसऱ्याला वाचवायला करता येण्यासारखं कुठलंही सोंग नव्हतं.

गोठ्याशेजारची खोली अण्णानं मला दिली. वहिनीनं तीन दगडांची चूल मांडली. पहिल्या संध्याकाळी मी आतून कडी लावली, आणि माझ्या हातानं लावलेल्या कडीलाही घाबरून पुन्हा काढली. मग परत लावली. एकटीनं भाकरी केली, एकटीनं खाल्ली. कुणी ताट फेकलं नाही. सुख असतं म्हणतात ते हेच असावं. पण त्या सुखात माझा जीव लागत नव्हता, कारण गावातली प्रत्येक बाई येऊन माझ्या पोटाकडं बघायची आणि आशीर्वाद द्यायची, "पोरगाच हाय बघ. पोट कसं टोकदार आलंय." म्हाताऱ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, लेकरवाळी हो, वंशाला दिवा होऊ दे. त्या मायेनंच म्हणत. मला त्यांचं तोंड दाबून धरावंसं वाटे.

सासूचं तर रूपच पालटलं. खारका धाडल्या, खोबरं धाडलं. जिनं मला भर पारावर छिनाल ठरवायला घेतलं होतं, ती आता निरोप धाडायची, पोरीला आंबट खाऊ देऊ नका.

एकदा तो स्वतः ज्वारीची गाडी घेऊन आला. पोती अण्णाच्या ओसरीवर टाकली आणि माझ्या दारासमोर येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या बाहेर. पाय आत टाकला नाही. मी आतल्या भिंतीला पाठ लावून उभी होते.

"नीट खायचं," तो म्हणाला. "माझा पोरगा हाय तो."

माझ्या तोंडाकडं त्यानं पाहिलंच नाही. पोटाकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आणि गेला. पंचांचा शब्द त्यानं तंतोतंत पाळला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. उंबऱ्याबाहेर राहायचा शब्द जो इतका पाळतो, तो मुलगा न्यायचा शब्दही पाळणारच. आणि त्या घरात ते लेकरू काय शिकेल? एक तर कासरा खायला, नाहीतर धरायला.

मी मुलगी मागत होते. खंडोबाला मागितली, आजवर त्याच्याकडं कुणी असलं मागितलं नसेल, त्यालाही नवल वाटलं असेल. शनिवारी दंडाचं तेल गुरवाच्या हातात देताना मारुतीला मागितली. तो ब्रह्मचारी, त्याला यातलं काय कळणार, पण मी त्यालाही सोडलं नाही. हे कुणापुढं बोलायची सोय नव्हती. पोटातलं पोर पोरगा नसावं असं म्हणणारी आई लोकांनी वेडी ठरवली असती. फक्त एकदा वहिनी माझ्या पायांना तेल लावत होती तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "पोरगीच होऊ दे, देवा." दोघीही दचकलो आणि दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

मुगाच्या शेंगा तोडायच्या दिवसांत, भर दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सासूला कसं कळलं कोण जाणे. ती आदल्या दिवशीच येऊन ओसरीवर बसली होती. पंचांनी उंबरा नवऱ्याला बंद केला होता, तिला नाही. मांडीवर नवी कुंची घेऊन बसली होती, तांबडी, जरीची किनार लावलेली. प्रत्येक कळ आली की मला दाराच्या फटीतून ती तांबडी कुंची दिसायची. मला वाटे, हे पोर बाहेर येऊच नये. आहे तिथंच बरं आहे. तिथून त्याला कोण नेणार?

पण पोरं कुणाचं ऐकतात? दिवस कलायच्या आत सुटका झाली. मूल रडलं. सुईणीनं नाळ कापली. तिचं तोंड पडलं होतं, आणि ते पाहूनही मला विश्वास धरवेना.

"काय हाय?" मी विचारलं.

"पोरगी हाय, बाई."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत बघ."

सुईणीला माझी कीव आली. बाळ उजेडाकडं धरून ती हळू म्हणाली, "किती बार बघितलं तरी पोरगीच हाय. नशिबापुढं काय चालतंय?"

मी गळा काढून रडले. इतकं मोठ्यानं मी मार खातानाही कधी रडले नव्हते. ओसरीवर सगळ्यांना ते ऐकू गेलं, आणि सगळ्यांनी ज्याचा त्याचा अर्थ घेतला. सासू उठली. आत डोकावलीसुद्धा नाही. कुंचीची घडी केली, कमरेला खोचली आणि गाडी जुंपायला सांगितली. बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पुढं ऐकू येईनासा झाला.

वहिनीनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

बाहेरून अण्णा म्हणाला, "कामून एवढी रडायली ती? समजाव तिला. पोरगी तर पोरगी."

वहिनीनं दार थोडं उघडलं. "समजवायचं काही न्हाई," ती म्हणाली. "पोरगी झाली. ती इथंच ऱ्हाणार हाय."